सागरी हवेतील धातुशिल्पे : आयुष्य ठरते आतील सांगाड्यावर

उघड्यावर उभारलेले भव्य धातुशिल्प पाहताना नजर चेहऱ्यावर आणि झळाळीवर खिळते. त्याचे आयुष्य मात्र न दिसणाऱ्या भागांवर, म्हणजे आतील सांगाडा, सांधे, बोल्ट व पाण्याचा निचरा यांवर अवलंबून असते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आतच कोसळला. गंज, सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा या बाबींवर चौकशी समितीने बोट ठेवले. त्याच जागी २०२५ मध्ये ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेला ब्राँझचा नवा पुतळा उभा राहिला.

याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला पालघर जिल्हा आहे. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत पोलाद आणि रसायने यांचे कारखाने एकमेकांच्या शेजारी आहेत. मोठ्या शिल्पाला लागणारे पोलाद आणि वेल्डिंगचे कसब या परिसरात उपलब्ध आहे. परंतु धातूचे शत्रूही येथेच आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. या पट्ट्यात कधी शिल्पोद्यान उभारायचे झाल्यास खारा वारा आणि औद्योगिक हवा या दोहोंचा विचार आराखड्यापासूनच करावा लागेल.

गंज कसा चढतो?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षाराचे सूक्ष्म कण धातूवर बसतात. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात व पृष्ठभाग सतत दमट ठेवतात. त्यातील क्लोराईड धातूवरील संरक्षक थर भेदते. हवेत सल्फर डायॉक्साईड असल्यास आम्लता वाढून झीज अधिक वेगाने होते. पावसाने धुऊन निघणाऱ्या भागापेक्षा आडोशाच्या खाचा अनेकदा लवकर खराब होतात, कारण तेथे साचलेले क्षार वाहून जात नाहीत.

कोणता धातू योग्य?

तांबे व कथील यांच्या मिश्रणातून होणारे ब्राँझ हा पुतळ्यांचा पारंपरिक धातू होय. त्यावर कालांतराने येणारा तपकिरी-हिरवट थर आतील धातूचे रक्षण करतो. साध्या पोलादाला जस्ताचा मुलामा आणि त्यावर रंगाचे थर द्यावे लागतात. परदेशांतील शिल्पोद्यानांत लोकप्रिय असलेले ‘कॉर्टेन’ पोलाद स्वतःच्याच गंजाच्या घट्ट थराने सुरक्षित राहते. मात्र सागरी हवेत तो थर स्थिरावत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ या प्रतीपेक्षा दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत किनाऱ्यावर अधिक टिकाऊ ठरते.

दोन धातूंचा सहवास

भव्य शिल्पे बहुधा पोकळ असतात. बाहेर ब्राँझ किंवा तांब्याचे कवच आणि आत पोलादाचा सांगाडा. हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि त्यांत खारे पाणी शिरले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन लोखंड झपाट्याने गंजते. न्यूयॉर्क बंदरातील १८८६ च्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याबाबत हेच घडले. तांब्याचे पातळ कवच शाबूत राहिले. पण त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजल्या. १९८४ ते १९८६ या काळातील दुरुस्तीत त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसविण्यात आल्या.

महाराष्ट्राचा अनुभव

टिकाऊ कामाची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. सासवणे येथील शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांनी घडविलेला शिवरायांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा पुण्यात १९२८ पासून उभा आहे. प्रतापगडावरील अश्वारूढ पुतळ्याने १९५७ पासून सह्याद्रीचा पाऊस सोसला आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरचा पुतळा तर १९६१ पासून थेट समुद्राच्या वाऱ्यात आहे. सागरी हवेत धातुशिल्प टिकत नाही, हा समज त्यामुळे खरा ठरत नाही.

देखभाल अपरिहार्य

पोकळ शिल्पाच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे, आत उतरून पाहणी करण्यासाठी झडप आणि दोन धातूंमध्ये विद्युतरोधक थर या तरतुदी बांधणीच्या वेळीच कराव्या लागतात. त्यानंतर गोड्या पाण्याने नियमित धुणे, ब्राँझवर मेणाचा लेप देणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर सांधे, वेल्डिंग आणि बोल्ट तपासणे आवश्यक असते. निविदेत शिल्पाच्या उंचीबरोबर पुढील देखभालीची जबाबदारी व खर्चही नमूद व्हायला हवा. अनावरणाचा सोहळा एका दिवसात संपतो; खाऱ्या वाऱ्याचे काम मात्र त्याच दिवसापासून सुरू होते.