पंचांची फारकत आणि बाबासाहेबांचा कायदा

नवरा-बायकोचा वाद कोर्टात नेण्याआधी समाजाच्या बैठकीत ठेवायचा, ही आपली जुनी रीत. समेट झाला तर उत्तमच. पण स्टॅम्प पेपरवर 'फारकत' लिहून पंचांनी सह्या केल्या की बाई मोकळी झाली, असे आपले कार्यकर्तेही समजतात. या समजाची मुळे इतिहासात आहेत.

1947 साली मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. रामटेक तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. तो कायदा इथे लागू नव्हता. इथल्या बाईला सुटायचे तर जातपंचांसमोरची काडीमोड हीच वाट. ब्राह्मणी धर्मशास्त्राने जन्मभर बांधलेल्या स्त्रियांपेक्षा ती बरी होती. बहुसंख्य शूद्र समाजात घटस्फोट रूढच आहे, हे हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनीही दाखवून दिले. तरी त्यांनी रूढीवर भागवले नाही, कायदा मागितला. रूढीत बाईचे नशीब पंचांच्या मर्जीवर असते, कायद्यात तो तिचा हक्क होतो. बिलाची गळचेपी हे 1951 च्या त्यांच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते.

18 मे 1955 ला हिंदू विवाह कायदा आला. कलम 2 प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. कलम 29 ने रूढीचा घटस्फोट राखला, पण ती रूढी जुनी आणि अखंड असल्याचे सिद्ध करावे लागते. मित्रहो, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपण जातीची रूढी टाकली. आता कोर्टात तीच रूढी कोणत्या तोंडाने सांगणार? फारकत टिकली नाही तर पहिले लग्न कायम आणि दुसरे रद्दबातल. पोटगी, वारसा, पेन्शन, सगळीकडे भोगते ती बाईच.

मग कोर्टाबाहेर मिटवूच नये का? जरूर मिटवावे. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन बैठकीत ठरवा. बैठकीत बायका बसवा, बाईला एकटीला विचारा. मारहाण असेल तर समेटाचा आग्रह नको. घटस्फोटच ठरला तर परस्पर संमतीचा अर्ज कोर्टात करा. कलम 13-ब 1976 पासून त्यासाठीच आहे. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना वकील मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. पंचांच्या कागदाला ते नसते.

पुढच्या बैठकीत फारकतीचा कागद निघाला, तर आधी हे सांगा.

जय भीम!