उलटं घड्याळ आणि आबे फारिया

बाबा गेले तेव्हा मी साडेपाच वर्षांचा होतो. फेब्रुवारी २००३. आयुष्यातलं पहिलं भाषण केलं १ ऑगस्ट २००४ला, दुसरीत असताना, कराडच्या आमच्या शाळेत. टिळक पुण्यतिथीचं, महाराष्ट्रातल्या निम्म्या पोरांनी केलेलं तेच भाषण. या दोन तारखा आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत माझा भरवसा आता फक्त यांच्यावरच उरलाय.

त्या भाषणात मी शेंगांच्या टरफलांपाशी अडकलो होतो. तेव्हापासून अडकतोच आहे. चार मित्रांत मी तोंड बंद ठेवत नाही, पण पंधरा जणांसमोर डेमो द्यायचा म्हटलं की घसा कोरडा पडतो आणि पुढचं वाक्य गायब. गेल्या वर्षी अप्रेजलमध्ये मॅनेजर म्हणाला, "कोड चांगला लिहितोस, पण क्लायंटसमोर तू दिसतच नाहीस." मग एका मैत्रिणीने कोथरूडमधल्या एका हिप्नोथेरपिस्टचा नंबर दिला.

पन्नाशीच्या बाई, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. फ्लॅटमधली एक खोली, जाड पडदे, एक आरामखुर्ची. ना लंबक, ना डोळ्यांत रोखून बघणं. सेशन फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं तर म्हणाल्या, "करा की." पहिल्या दोन वेळा मला फक्त छान डुलकी लागली. पैसे वाया गेले असं वाटून तिसऱ्यांदा मी जरा घुश्शातच गेलो होतो.

तिसऱ्यांदा त्यांनी दहापासून एकपर्यंत आकडे मोजत मला पायऱ्या उतरायला लावल्या आणि म्हणाल्या, "जिथे पहिल्यांदा आवाज अडकला, तिथे जा." मी गेलो. दुसरा शब्द नाही. शाळेचा हॉल, शहाबादी फरशी, पायाला लागणारा गारवा. समोर मांडी घालून बसलेली पोरं. डाव्या हाताच्या खिडकीला गज, आणि गजांपलीकडे बाबा. तपकिरी स्वेटर, एक हात गजावर, मनगटावर घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. बाबा हसले आणि मान हलवून 'म्हण' अशी खूण केली. मी पुढचं वाक्य म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. दहा मिनिटं झाली असतील असं वाटत होतं, प्रत्यक्षात चाळीस झाली होती.

रात्री आईला फोन केला. "बाबा घड्याळ उलटं घालायचे का गं?"

पलीकडे शांतता. मग, "तुला कुणी सांगितलं? हो रे. स्कूटर चालवताना वेळ दिसावी म्हणून तबकडी आत ठेवायचे. मी रोज म्हणायचे, काच घासेल."

मी तिला सगळं सांगितलं. ती रडली, मीही रडलो. फोन ठेवल्यावर तासाभराने मला त्या दोन तारखा आठवल्या. दिवाळीत घरी गेलो तेव्हा फाइलमधून प्रमाणपत्र काढलं. उत्तेजनार्थ, १ ऑगस्ट २००४. बाबा तेव्हा दीड वर्षापूर्वीच गेले होते.

म्हणजे एकाच रेकॉर्डमधलं एक फील्ड तंतोतंत बरोबर आणि टाइमस्टँप अशक्य. अख्खी आठवण खोटी असती तर हसून सोडून दिली असती. त्या घड्याळामुळे झोप उडाली. मग असला बग सापडल्यावर आमच्या धंद्यातला माणूस जे करतो तेच मी केलं: हे मुळात चालतं कसं, ते शोधत मागे मागे गेलो. मागे म्हणजे थेट १७८४च्या पॅरिसपर्यंत.

व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ मेस्मर १७७८मध्ये पॅरिसला आला होता. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलाय, तो अंगात अडला की माणूस आजारी पडतो आणि मेस्मरच्या हाताने तो पुन्हा वाहता होतो. लोखंडी दांडे बसवलेल्या मोठ्या पिंपाभोवती लोक बसायचे, त्यांना झटके यायचे, बेशुद्ध पडायचे, आणि बरं वाटलं म्हणायचे. प्रकरण इतकं वाढलं की सोळाव्या लुईने समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्ये राहणारा बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए होता, खगोलशास्त्रज्ञ बेयी होता आणि डॉक्टर गिलोटिनही. (पुढे क्रांतीत यातल्या लव्हॉझिए आणि बेयीची मुंडकी ज्या यंत्राने उडवली, त्याला याच गिलोटिनचं नाव आहे. इतिहासाला विनोद कुठे करावा हे कळत नाही.)

समितीने केलेला एक प्रयोग वाचताना मी अक्षरशः टाळी वाजवली. फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या शिष्याने 'चुंबकित' केलं. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं. मुलाला घाम फुटला, डोकं जड झालं, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड साधं होतं. खरं चुंबकित झाड दूरच राहिलं. डोळे बांधून घेतलेली अशी चाचणी, तीही १७८४ साली! समितीने निष्कर्ष लिहिला की द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनाशक्तीची करामत आहे, आणि फाइल बंद केली.

पण तो पोरगा खरोखर बेशुद्ध पडला होता, त्याचं काय? 'कल्पना' म्हटलं की विषय संपतो असं समितीला वाटलं. खरा विषय तिथून सुरू होतो, हे ज्याच्या लक्षात आलं तो माणूस निघाला आपल्या शेजारचा, गोव्यातल्या कांदोळीचा.

जुझे कुस्तोदियु द फारिया, जन्म १७५६. घर मोडकंच. आईवडील रीतसर परवानगी काढून वेगळे झाले, आई मठात गेली, वडील पाद्री झाले. १७७१मध्ये बाप मुलाला घेऊन लिस्बनला पोचला. पोरगा पुढे रोममध्ये शिकला आणि त्यालाही पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. १७८७मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीला आला, संशयाची सुई बापलेकांकडे वळली, आणि पुढच्या वर्षी फारियाने पॅरिस गाठलं.

गोव्यात त्याची एक दंतकथा सांगतात. लिस्बनला तरुण फारिया खुद्द राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची मातब्बर मंडळी बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटलं, "कातर रे भाजी." ही सगळी भाजी आहे, काप. आणि फारिया घडाघडा बोलू लागला.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते रात्री दीड वाजता, मोबाइलवर. फोन पालथा ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अडकलेला मुलगा, बाजूला बाप, एक खूण, आणि सुटलेला आवाज. ही गोष्ट मी आधी कुठे ऐकली होती का? गोव्याच्या कुठल्या ट्रिपमध्ये, कुठल्या गाइडच्या तोंडून? आठवत नाही. पण आता 'आठवत नाही' या शब्दांनाही माझ्या लेखी फार किंमत राहिलेली नाही.

पॅरिसमध्ये फारियाने १८१३पासून जाहीर व्याख्यानं सुरू केली. प्रवेश फी पाच फ्रँक. उंच, सावळा, परदेशी धाटणीची फ्रेंच बोलणारा पाद्री. तो माणसाला खुर्चीत आरामात बसवायचा, डोळे मिटून झोपेवर लक्ष द्यायला सांगायचा आणि मग खणखणीत आवाजात म्हणायचा, "झोपा!" काही जण झोपायचे, काही नाही. आणि नंतर तो जे सांगायचा ते त्या काळात ऐकून घेणं कठीण होतं. माझ्यातून काहीही निघत नाही, द्रव नाही, शक्ती नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या आत, त्याच्या एकाग्रतेने आणि त्याच्या अपेक्षेने घडतं. ज्याच्यात ती पात्रता नाही, त्याला मी काही करू शकत नाही.

सगळंच त्याचं बरोबर होतं असं नाही. अशी पात्रता कुणात असते याचं कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधलं, ते आज कुणी ऐकून घेणार नाही. पण मुख्य मुद्द्यात तो आपल्या काळाच्या बराच पुढे होता. बक्षीस म्हणून त्याला टवाळी मिळाली. एका नटाने झोपल्याचं सोंग करून भर सभेत त्याची फजिती केली, १८१६मध्ये त्याच्यावर प्रहसन रंगभूमीवर आलं आणि व्याख्यानं थंडावली. १८१९मध्ये तो गेला, पुस्तकही त्याच वर्षीचं, आणि त्याची कबर कुठे आहे याची खूणही उरली नाही. पंचवीस वर्षांनी ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये तुरुंगातल्या म्हाताऱ्या पाद्र्याला त्याचं नाव दिलं. जगाला फारिया माहीत आहे तो हा, कादंबरीतला.

जानेवारीत मी पणजीला जाऊन त्याचा पुतळा बघून आलो. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५चा. झगा घातलेला फारिया दोन्ही हात पसरून उभा, आणि त्याच्या पंजांखाली मागे कोसळणारी एक बाई. पुतळा जबरदस्त आहे. फक्त फारियाने जे जन्मभर नाकारलं नेमकं तेच त्यात दाखवलंय: हातांतून काहीतरी निघतंय आणि बाई बिचारी कोसळतेय. पुतळ्याला बाईच्या आत काय चाललंय ते दाखवता येत नाही, हे मान्य. तरी मला वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये, इतके दिवस टाळलेलं काम केलं. तिसऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटी लॉग वाचल्याशिवाय बग सापडत नाही.

हॉल मी सांगितला होता. फरशी मी सांगितली. खिडकीही माझीच. मग मॅडमचा मऊ आवाज: "खिडकीत कोणी आहे का? तुमचं कोणी?" आणि अकरा सेकंद काहीच नाही. त्यानंतर माझा आवाज, मलाच अनोळखी वाटणारा, पोरासारखा: "बाबा."

त्या प्रश्नाआधी बाबा कुठेच नव्हते.

फ्रान्समधल्या नॅन्सीचा डॉक्टर बेर्नहाइम हा फारियाचं श्रेय मोकळेपणाने मान्य करणारा माणूस. त्याने १८८०च्या दशकात हेच करून दाखवलं होतं. एका बाईला संमोहित करून त्याने सांगितलं की तू शेजारच्या घरात कुलपाच्या भोकातून एक भयंकर गुन्हा पाहिलास. तीन दिवसांनी ती बाई तो गुन्हा बारकाव्यांसकट, शपथेवर सांगायला तयार होती. माझ्या मॅडमनी तर गुन्हाबिन्हा काही सांगितला नाही. एक साधा प्रश्न विचारला. बाकी सगळं मी उभं केलं. त्यांनी मला फसवलं असतं तर बरं झालं असतं, त्यांच्यावर चिडता आलं असतं. फारिया बरोबर असेल तर चिडायला समोर कुणी नाही.

पण घड्याळ? रेकॉर्डिंगमध्ये त्या विचारतात, "त्यांच्या हातात काय आहे?" आणि मी लगेच म्हणतो, "घड्याळ. उलटं." हे त्यांनी सुचवलं नव्हतं. घरचा अल्बम मी तीनदा चाळला. एका फोटोत बाबांचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि मनगटाच्या वरच्या बाजूला पट्ट्याचं बक्कल दिसतं. तबकडी दिसत नाही. बक्कल वर म्हणजे तबकडी खाली, एवढं गणित पाच वर्षांच्या पोराला जमतं? की गणित नव्हतंच, स्कूटरवर पुढे उभं राहून हँडलवरचा तो हात मी रोज पाहिला होता? मला हे दुसरं खरं असावं असं वाटतं. पण मला असं वाटावंसं वाटतं, हेही मला ठाऊक आहे.

डेमोचं म्हणाल तर फेब्रुवारीत एक दिला. मध्ये एकदा अडकलो. डावीकडे पाहिलं. तिथे ऑफिसची काचेची भिंत होती. पुढचं वाक्य आलं.

मागच्या महिन्यात मावसबहिणीचं केळवण होतं आमच्याकडे. जेवणं झाल्यावर शाळेच्या गप्पा निघाल्या. मावशी म्हणाली, "हा लहानपणी बोलायलाच घाबरायचा ना गं?" आई विडा लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्या भाषणाला अडकला होता. पण हे आले होते ना, खिडकीत उभे होते. मीच म्हटलं होतं, स्वेटर घालून जा, पावसाची हवा आहे."

स्वेटरचं मी तिला सांगितलं होतं. पावसाच्या हवेचं नाही.

मावशी म्हणाली, "हो का? मला आठवत नाही." आईने विडा माझ्या हातात दिला. मी तो तोंडात टाकला आणि काही बोललो नाही.