सवाईआधीचं जेवण

सवाईला जायचं तर आधी कुठे जेवायचं, यावर आमच्या घरी दरवर्षी वाद व्हायचा. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला. पुढे बरीच वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर भरायचा आणि शेवटची बैठक उजाडेपर्यंत चालायची. त्यामुळे जेवण असं हवं की पोट भरेल, पण डोळे मिटणार नाहीत.

वडिलांचं मत पक्कं: पूना गेस्ट हाउस. लक्ष्मी रोडवर विजय टॉकीजपाशी, मैदानापासून चालत जाण्याजोगं. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये ते काढलं, म्हणून नाटक-सिनेमावाल्यांची तिथे कायम ऊठबस. आम्ही मागवायचो थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. थालीपिठाच्या भोकाभोवतीची कड कुरकुरीत असायची, त्या तुकड्यासाठी भावंडांत झटापट. आई मात्र टिळक रोडच्या बादशाहीची. १९३२ पासूनची ही खानावळ. साधं, घरच्यासारखं ताट. पण तिथे नंबर लावून बसावं लागे, आणि पोळ्या चार जास्त गेल्या की विलंबित ख्यालात मान डुलायची ती दाद म्हणून नव्हे. माझ्या मते वडीलच बरोबर होते.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आली आणि रात्रभराच्या बैठका संपल्या. आता महोत्सव मुकुंदनगरला भरतो, दुपारीच सुरू होतो. मंडपाबाहेरच्या स्टॉलवर उभ्याउभ्या वडापाव खाऊन लोक आत पळतात.