वर्गणी, किंमत आणि ऋण : बातमीचे पैसे कोण देतो?



संयोजकांनी आजचा विषय प्रश्नाच्या रूपात दिला आहे. इंटरनेटवरच्या बातमीसाठी वाचक पैसे मोजतील का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. या धंद्यातली एक खोड अशी की, प्रश्न आला की उत्तर शोधण्याआधी प्रश्नच उलटसुलट करून बघायचा. ती खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात घरापासून करू. इथे गोखिवऱ्यात आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेपरवाल्याचं बिल येतं. आम्ही पैसे काढले की सौ. हटकून म्हणते, "रद्दीचे किती आले, ते वजा धरा." मग बिल हलकं वाटतं. परवा नातू म्हणाला, "आजोबा, हे सगळं मोबाइलवर फुकट आहे, तुम्ही पैसे कशाचे देता?" आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकलो. खरंच, कशाचे देतो? रद्दी विकून काही पैसे परत येतात, म्हणजे तेवढे कागदाचे होते. काही पहाटे जिने चढणाऱ्या मुलाचे. मग बातमीचे किती? नातवाने न कळत मूळ प्रश्नालाच हात घातला होता. आजवर आपण बातमीचे पैसे दिले आहेत का?

याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' काढले. बाळशास्त्री तेव्हा विशीच्या आसपासचे. एका स्तंभात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. वाचणारे मूठभर, जाहिराती नावापुरत्या. म्हणजे भार मुख्यतः वर्गणीदारांवर. 1840 मध्ये ते बंद पडले.

आता गंमत बघा. 'दर्पण' निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1833 मध्ये, न्यू यॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने 'सन' नावाचं दैनिक काढलं आणि एका सेंटला विकलं. इतर पत्रं तेव्हा सहा सेंटला मिळत. डे यांचा हिशेब सरळ होता. अंक स्वस्त ठेवायचा, वाचक गोळा करायचे आणि ते वाचक जाहिरातदाराला दाखवून पैसे उभे करायचे. वृत्तपत्राच्या अर्थकारणाच्या या दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. एका वाटेवर वाचक हा वर्गणीदार, दुसऱ्या वाटेवर वाचक हाच माल. मोबाइलवर जे 'फुकट' मिळतं ते या दुसऱ्या वाटेचं शेवटचं टोक आहे, नवं काही नाही.

आता 'वर्गणी' या शब्दाकडे या. इंग्रज सबस्क्रिप्शन म्हणतो, म्हणजे मुळात खाली सही करणं. आपण वर्गणी म्हणतो. हाच शब्द आपण गणपतीला वापरतो, गावजेवणाला वापरतो. वर्गणी म्हणजे किंमत नव्हे, वाटा. गणपतीची वर्गणी देताना कुणी विचारत नाही की, मला किती मोदक मिळणार. आणि वर्गणी न दिलेल्यालाही मांडवात येऊन नमस्कार करता येतो. दुकानदार किंमत घेतो तेव्हा पैसे नसणाऱ्याला बाहेर ठेवतो. वर्गणी गोळा होते ती दार उघडं राहावं म्हणून.

मराठी पत्रं पुष्कळ अंशी याच समजुतीवर चालली. 'केसरी' 4 जानेवारी 1881 रोजी निघाला. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. 1891 मध्ये टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन्ही पत्रं कर्जासकट आपल्या अंगावर घेतली. गावोगाव 'केसरी'चा एक अंक यायचा, चावडीवर किंवा देवळात एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्यांनी पैसे दिलेले नसत. आजच्या भाषेत ही सगळी 'फुकटी' मंडळी. पण लोकमान्यांची ताकद या न दिलेल्या पैशांतूनच उभी राहिली, हे विसरून कसं चालेल?

पण यात फार रमू नका, कारण दुसरी बाजू कडवट आहे. ज्यांच्यापाशी वर्गणीलाही पैसे नव्हते त्यांचं काय? 1877 मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. ते पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेटाने चालवले. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, तेही शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. ते टिकले नाही. 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. पदरमोड होतीच. तरी नोव्हेंबर 1929 मध्ये तेही थांबले. वाचकांना ते आपलं वाटत नव्हतं, असं कोण म्हणेल? आपलं वाटूनही पत्र बंद पडतं.

याच काळात बाबासाहेबांनी या पत्राच्या ऋणाबद्दल एक अग्रलेख लिहिला. हे ऋण लौकिक आहे की नाही, असं त्यांनी वाचकाला मथळ्यातच विचारलं. त्यांनी 'किंमत' हा शब्द घेतला नाही, 'वर्गणी' हाही नाही. 'ऋण' म्हटलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंच लागतं. किंमत दिली की व्यवहार संपतो. वर्गणी दिली की आपण वाटेकरी होतो. ऋण मात्र आपण काही देण्याआधीच आपल्यावर असतं. आपल्या वतीने कुणी आधीच बोललेलं असतं.

आता किंमतीचं प्रकरण. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि गेलं ते एका मराठी दैनिकामुळे. 1956 मध्ये सरकारने कायदा केला आणि 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला की, वृत्तपत्राने किती पानं द्यायची ते त्याच्या किंमतीवरून ठरेल. हेतू सांगायला चांगला होता. मोठ्या पत्रांनी जास्त पानं देऊन छोट्यांना गिळू नये. पुण्याचं 'सकाळ', म्हणजे नानासाहेब परुळेकरांनी 1932 मध्ये सुरू केलेलं दैनिक, तेव्हा सात नव्या पैशांना मिळे. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, आणि रविवारचा अंक वेगळा. नव्या आदेशाने एक तर पानं कमी करा, नाही तर दर आठ नवे पैसे करा, अशी पाळी आली. प्रश्न एका पैशाचा! 'सकाळ' न्यायालयात गेलं आणि त्याच्याबरोबर दोन वाचकांनीही आपापल्या याचिका केल्या. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. 1961 मध्ये न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकालपत्र लिहिलं आणि तो कायदा घटनाबाह्य ठरला. सूत्र असं की, दर वाढला तर खप घटेल, आणि खप घटवणं म्हणजे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्यच घटवणं.

निकाल योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम आपण नीट पाहिला नाही. स्वस्त अंक हा वाचकाचा हक्क ठरला, पण अंक स्वस्त कशामुळे राहतो, तर जाहिरातीमुळे. पुढे 1990 च्या दशकात मोठ्या शहरांत दरयुद्धं झाली, अंक खर्चाच्या कितीतरी खाली विकला जाऊ लागला. वाचकाला सवय लागली. नंतर इंटरनेट आलं आणि जाहिरात वृत्तपत्राला सोडून सर्चच्या आणि समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडे गेली. बिलाचा मोठा भाग जो देत होता तोच उठून गेला. मार्च 2020 च्या अखेरीस मुंबईत काही दिवस अंक दारात आले नाहीत. तेव्हा पीडीएफ मोबाइलवरून फिरू लागल्या, आणि कागद नसला तर बातमीचे पैसे द्यायची रीतच आपल्याकडे नाही, हे उघडं पडलं.

जगात दोन उपाय दिसतात. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने 2011 मध्ये पैशांची भिंत उभारली. लंडनच्या 'गार्डियन'ने भिंत न घालता वाचकांकडे मदत मागितली. पहिली किंमत, दुसरी वर्गणी. पहिला उपाय चालला, कारण त्यांचा वाचक जगभर पसरलेला आहे. पण वसई-विरारच्या बातमीचा वाचक वसई-विरारमध्येच राहतो. त्याने दिलं नाही तर दुसरं कुणी देणार नाही.

आणि इथे आपला जीव गुंतलेला आहे. मध्यंतरी एका रात्री भोयदापाड्याच्या बाजूने धूर आला. खिडक्या लावल्या तरी घसा धरला. मोबाइल उघडला तर नटनट्यांच्या बातम्यांचा ढीग, धुराबद्दल ओळ नाही. दोन दिवसांनी एका छोट्या स्थानिक पत्रात पाच-सहा वाक्यं आली. कुणीतरी तिथे जाऊन, उभं राहून, विचारून लिहिली होती. त्या बातमीदाराला महिन्याला काय मिळत असेल, याचा आम्ही तोवर कधी विचारच केला नव्हता. वसईला ही जाण नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 ते 2007 'सुवार्ता' मासिक सांभाळलं, त्याच काळात ते हरित वसईच्या लढ्यात उभे होते. इथल्या पाण्याबद्दल आणि झाडांबद्दल इथल्या माणसाने लिहायचं असतं, हे या भूमीला ठाऊक आहे.

तर प्रश्न असा मांडू या. वाचक किंमत देईल का? आमचं उत्तर : बहुधा नाही, कारण तीच बातमी शेजारी फुकट मिळते. वाचक वर्गणी देईल का? देईल, पण एका अटीवर. गणपती मंडळ उत्सव संपला की जमाखर्च फळ्यावर लावतं. ज्या मंडळाचा हिशेब लागत नाही, त्याची पावती पुढल्या वर्षी कुणी फाडत नाही. आजची पत्रं वर्गणी मागतात, पण हिशेब देत नाहीत. जाहिरातदाराकडून किती आले, बातमीदाराला किती दिले, कुठली बातमी पैसे घेऊन छापली, हे फळ्यावर लावा आणि मग मागा. पत्रांचं हे कर्तव्य आहे.

आणि आपलं? ज्याला परवडतं त्याने न परवडणाऱ्याचाही वाटा उचलायचा. चावडीवर अंक विकत घेणारा एकच असायचा, ऐकणारे चाळीस. तो एक कुणीतरी व्हावं लागतं.

आम्ही घरी गेल्यावर नातवाला सांगितलं, "बाबा रे, कागदाचे पैसे रद्दीत परत आले. बातमीचे द्यायचे राहिलेत." त्या छोट्या पत्राची वर्षाची वर्गणी त्यानेच मोबाइलवरून भरून दिली. पैसे अर्थात आमचे.