माठातल्या पाण्याची गोष्ट

चैत्र लागला की आमच्याकडे आठवडी बाजारात कुंभार माठ मांडून बसतात. घेणारा माणूस माठ उचलतो, बोटाने टिचकी मारतो आणि कान लावतो. खणखणीत वाजला तर पसंत. घरी आणल्यावर दोन दिवस त्याच्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतो. काही जणांना तो नको वाटतो. मला तर त्या दोन दिवसांसाठीच उन्हाळा यावासा वाटतो.

इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात. तहान मात्र क्वचितच सापडते. आज तिच्याविषयीच बोलू.

१५२६ च्या एप्रिल महिन्यात बाबराने पानिपतची लढाई जिंकली आणि मे महिन्यात तो आग्र्याला पोहोचला. त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता. माणसे उष्म्याने पटापट मरू लागली. बाबराच्या सरदारांनी काबूलला परतण्याचा धोशा लावला. हिंदुस्थानात काय काय नाही, याची यादीच त्याने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. तीत बर्फ नाही, थंड पाणी नाही, चांगली खरबुजे नाहीत, हेही आहे. पुढे एक खरबूज कापताना आपल्याला रडू आले, असे त्याने एका पत्रात लिहिले. दिल्लीचे तख्त मिळाले होते, पण जीव अडकला होता खरबुजाच्या फोडीत!

त्याच्या नातवाने, अकबराने, गारव्याचा बंदोबस्त केला. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त त्याची रीत दिली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरायचे, तिचे तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत पडतो तोच. जो तोफेत आग ओकतो, त्यालाच बादशहाने पाणी गार करायला लावले, याचे अबुल फजलला मोठे कौतुक. वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडायचे, म्हणजे भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, हेही त्याने नोंदवले आहे.

सुमारे अडीचशे वर्षांनी गारवा आणखी लांबून आला. अमेरिकेतल्या बोस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठत. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तो बर्फ जहाजात भरला आणि चार महिन्यांचा प्रवास करून १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरवला. वाटेत बराच वितळला, तरी उरला तो हातोहात खपला. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले. यजमानांना आणि पाहुण्यांना त्याने सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिली होती.

ही झाली बादशहांची आणि शेठजींची गोष्ट. एक शेर गार पाण्यासाठी अडीच शेर सोरा, नाहीतर सात समुद्रांपलीकडचा बर्फ. बाकीच्यांचे काय? बाकीच्यांकडे माठ होता. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी गार. म्हणून मराठवाड्याच्या रखरखीत उन्हात माठ जे करून दाखवतो, ते कोकणच्या दमट हवेत त्याला जमत नाही. छिद्रे बुजली की माठ पाझरायचा थांबतो आणि मग पाणीही गार होत नाही. म्हणून दर वर्षी नवा माठ.

हे पाणी आपल्याकडे केवळ घरात राहिले नाही, रस्त्यावरही आले. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपण काय काय केले हे त्यात सांगताना गाई दिल्या, घाट बांधले याबरोबरच नद्यांच्या दोन्ही तीरांवर प्रपा घातल्या, असे त्याने कोरून ठेवले. प्रपा म्हणजे पाणपोई. राजाच्या जावयाला दगडावर मिरवावेसे वाटले, असे ते पुण्य होते. आणि हालाच्या 'गाथासप्तशती'त, आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, पाणपोईवरचा एक प्रसंग आहे. वाटसरू ओंजळीतली बोटे विरळ करतो, पाणी गळून जावे म्हणून. ती पाणी घालणारी बाई धार बारीक करते. तहान भागूच नये, असे दोघांनाही वाटते आहे.

१९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. मी शाळकरी पोरगा. रोजा धरला खरा, पण दुपारी दोननंतर माझे सगळे लक्ष कोपऱ्यातल्या माठावर होते. त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब जमत होते, खालची वाळू ओली होत होती. दादी म्हणाली, "तिकडे बघू नकोस, दिवस लांबतो." संध्याकाळी दस्तरखानावर सरबत होते, कलिंगड होते. मी आधी माठाचे पाणी मागितले. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ चांगले प्यायलो, खाल्ले. तो घोट काही विसरलो नाही. दिवसभराची तहान नसती, तर ते साधे पाणीच होते.

आता घरोघरी फ्रिज आहे, टपरीवर बाटली मिळते. त्याबद्दल तक्रार नाही. पण बाटलीला पैसे लागतात, आणि उन्हात सगळ्यांत जास्त फिरतो तो हमाल, ती भाजीवाली, तो कागद गोळा करणारा मुलगा. पाणपोया अजून दिसतात. कुठे कुठे फलकावर देणाऱ्याचे नाव मोठे आणि खाली माठ कोरडा, असेही दिसते. आमच्या गल्लीतला एक शिंपी मात्र फलकबिलक न लावता दुकानाबाहेर माठ ठेवतो. त्याला ओले गोणपाट गुंडाळतो, दुपारी एकदा पुन्हा भरतो. पिणारा नाव विचारत नाही, पाजणाराही विचारत नाही.

तेव्हा या वर्षी बाजारात गेलात की टिचकी मारून दोन माठ घ्या. एक घरात ठेवा, एक दाराबाहेर.