डोंगराच्या पोटातले संग्रहालय

जेरुसलेममधल्या ‘याद वाशेम’ स्मारकाचे नवे संग्रहालय 2005 साली उघडले. डोंगरातून आरपार गेलेला 180 मीटर लांबीचा तो काँक्रीटचा त्रिकोणी बोगदा जगभर गाजला. पण त्याचे मूळ त्याच आवारातल्या एका लहानशा गुहेत आहे.

नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंची स्मृती जपण्यासाठी 1953 मध्ये इस्रायलने कायदा करून ‘याद वाशेम’ स्थापले. तिथले जुने संग्रहालय 1973 चे. पुढे 1976 मध्ये, मारल्या गेलेल्या मुलांसाठी वेगळे संग्रहालय बांधायचे काम वास्तुकार मोशे सफ्दी यांच्याकडे आले. (आनंदपूर साहिबचे ‘विरासत-ए-खालसा’ बांधणारे तेच हे.) जुने संग्रहालय पाहून सुन्न झालेल्या माणसावर आणखी माहितीचा मारा कशाला, असे त्यांना वाटले. त्यांनी अंधारी गुहा सुचवली. आत मेणबत्तीचा उजेड, आरशांत त्याची असंख्य प्रतिबिंबे आणि एकेका मुलाचे नाव, वय, देश सांगणारा आवाज. ही कल्पना बरीच वर्षे पडून राहिली. आउश्वित्झमध्ये मुलगा गमावलेल्या स्पीगेल दांपत्याने पैसे दिले, तेव्हा कुठे 1987 मध्ये गुहा झाली.

जुने संग्रहालय अपुरे पडू लागल्यावर विस्तारही सफ्दींकडेच आला. जागा तिपटीहून अधिक हवी होती, पण माथ्यावर अवजड इमारत नको. म्हणून पुन्हा डोंगरातच शिरायचे ठरले. वर चिंचोळ्या होत गेलेल्या भिंती, शेंड्याला काचेची फट, तेवढाच उजेड. आत पाऊल टाकताच पलीकडचे टोक दिसते, पण सरळ चालत जाता येत नाही. जमिनीत आडवे चर खणलेत, त्यामुळे डावीकडच्या दालनातून उजवीकडच्या दालनात असे वळसे घेतच जावे लागते. दालने कालक्रमाने लावलेली, त्यामुळे कोणालाही मधली वर्षे गाळून शेवट गाठता येत नाही. माझ्या मते विस्तारातली सगळ्यात अस्सल गोष्ट हीच. शेवटाकडे मारल्या गेलेल्यांच्या नावांचे दालन लागते. डोक्यावर सुमारे सहाशे छायाचित्रांचा शंकू, पायाखाली कातळात खोदलेला दुसरा, तळाशी पाणी.

त्यानंतर बोगदा पंख पसरावेत तसा एका सज्जात उघडतो आणि समोर जेरुसलेमच्या टेकड्या येतात. एवढ्या संहाराची कहाणी एका राष्ट्राच्या दर्शनाने संपवणे काही टीकाकारांना खटकले. मलाही ते खटकते. चरांनी अडवलेली वाट जे सांगते, ते या सज्जाने उगाच सोपे करून टाकले आहे.