खाजन : भरती, बांध आणि गावकारी



पर्यावरणाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अरण्ये येतात. मी आज निवडलेला विषय मात्र मानवी हातांनी घडविलेल्या भूमीचा आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी येथील खाजन शेते आपण सर्वांनी पाहिली आहेत. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन मानली जाते. मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या खाऱ्या दलदलीत बांध घालून आपल्या पूर्वजांनी ती मिळविली.

येथे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते. माती, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध ते अडवितात. बांधाबाहेर राखलेली खारफुटी लाटांचा जोर मोडते. बांधात बसविलेले ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचा दाब येताच झडप मिटते. ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते. आत घेतलेले थोडे खारे पाणी ‘पोंय’ नावाच्या सखल भागात राहते व त्यात मासळी आणि सुंगटे पोसली जातात. पावसाने शेतातील मीठ धुऊन निघाले की कोरगुट, आजगो यांसारखी क्षार सोसणारी भाताची वाणे पेरतात.

परंतु मातीचा बांध सतत झिजतो, खेकडे त्याला भोके पाडतात. एक भोक वेळेवर बुजविले नाही तर अनेकांची शेते खारी होतात आणि ती पूर्ववत होण्यास कित्येक पावसाळे लागतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. म्हणून ते गावकारीकडे होते. ही ग्रामसंस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची. 1526 साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिचे रूढ नियम ‘फोराल’मध्ये नोंदविले. मानसावरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई व त्या उत्पन्नाचा बांधांच्या डागडुजीला आधार होई. मासळी बांधाला पोशी, बांध भाताला राखी.

1961 साली गोवा मुक्त झाला. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले. तो न्याय आवश्यकच होता. मात्र बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, तेव्हा जुनी शिस्त सर्वत्र तिच्यासोबत आली नाही. पुढे सुंगटांना भाव आला. लिलाव घेणाऱ्यास खारे पाणी आत हवे, शेतकऱ्यास ते बाहेर हवे. अनेक ठिकाणी पहिल्याची सरशी झाली. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही बांध खचविले. जेथे बांध फुटला तेथे शेत पडीक पडले आणि पुन्हा खारफुटी उगवली. 1991 च्या किनारी नियमन अधिसूचनेने त्या खारफुटीस संरक्षण दिले. मग तेच शेत पुन्हा लागवडीस आणणे कठीण झाले. 2011 च्या अधिसूचनेत खाजनांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद आली. तथापि बांधावरचे भोक अधिसूचनेला दिसत नाही. ते बांधावरून रोज चालणाऱ्यालाच दिसते.

भरती, माती, मासळी आणि भात यांच्या जोडीला माणसांचे परस्परांशी असलेले बंधन हाही या निसर्गव्यवस्थेचा घटक होता, एवढेच मला सांगावयाचे आहे. तो सैल झाला आणि बाकीचे घटक बदलले. आता समुद्राची पातळी वाढत असताना हे बंधन अधिकच मोलाचे आहे. आपल्यापैकी ज्यांची नावे गावकारीच्या वा कुळांच्या संघाच्या नोंदीत आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीस अवश्य जावे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा आपल्या गावचा बांध चालून पाहावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.